साज

दिवाळीच्या सुट्टीला भाचा आला तो काखोटीला एक लांब दांडा मारून. दांड्याच्या टोकाला भाकरीएवढी तबकडी, कानावर चढवायचे कर्णे. जमिनीत धातू असला की हे यंत्र वाजते, आणि परदेशात कित्येक लोक निव्वळ हौसेने ते घेऊन खजिने शोधत हिंडतात म्हणे.

चूक माझीच. गेल्या सुट्टीत मी त्याला टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेऊन पोसायडनची काशाची मूर्ती दाखवली होती. ग्रीकांचा हा समुद्रदेव सापडला कुठे, तर आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत! तेव्हा स्वारी उतरली ती थेट ब्रह्मपुरीला जायच्या तयारीने. तिथे 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केले होते. पोरासोरांनी कुदळ मारायची ती जागा नव्हे. शिवाय 1878 चा कायदा आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दहा रुपयांत आज काय येते, हे वाचकांना सांगायला नकोच.

"मग आज्जीचा साज शोधतो," तो म्हणाला. "तो तर आपलाच आहे ना?"

2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आले, आमच्या घरातही शिरले, आणि आईचा कोल्हापुरी साज डब्यासकट गेला. परड्यातल्या गाळात कुठेतरी असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

यंत्र सुरू केले मात्र, ते ओरडायलाच लागले. तबकडीतल्या तारेतून उलटसुलट वीज खेळते, तिच्या चुंबकीय ओढीने जमिनीतल्या धातूत भोवरे उठतात आणि त्यांचा पडसाद वर ऐकू येतो. पण आमच्या परड्याचा भराव म्हणजे एमआयडीसीतल्या फौंड्रीची जुनी काळी वाळू! वीतभर उकरले की बिडाचा तुकडा, खिळा, शॉटचे दाणे. 1881 साली ग्रॅहॅम बेलने असेच यंत्र लावून अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधली, तेव्हा गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकवले, असे सांगतात. आमची तर अख्खी गादीच लोखंडाची.

तिसऱ्या दिवशी परडे नांगरल्यासारखे झाले. जुन्या चपलेचे बक्कल सापडले, माझी हरवलेली किल्ली सापडली. आई पायरीवर करंजीचे सारण नीट करीत बसली होती. पोराच्या हाताला फोड आलेले तिने पाहिले.

"बास कर रं आता. साज हितं न्हाई."

"पुरात गेला ना, आज्जी?"

"पूर वसरल्यावर गेला," ती म्हणाली आणि सारण चाळू लागली.

माझ्या हातातले खुरपे तिथेच राहिले. त्या साली पुराने महिनाभर काम बंद होते. शेडमध्ये फेटलिंगला नऊ माणसे. दिवाळीला त्यांना काय द्यावे या विवंचनेत मी असताना आईने पदराआडून नोटांची गुंडाळी काढली होती. भिशी लागली म्हणाली. कोणाची भिशी, किती जणींची, मी विचारले नाही. मोजून घेतल्या मात्र दोनदा.

भाच्याने कर्णे उतरवून आज्जीच्या कानावर चढवले आणि तबकडी तिच्या पायांशी फिरवली. ती दचकली.

"अगं बाई! किती वराडतंय हे!" म्हणाली, आणि पुन्हा फिरवायला सांगितले.