शारजाच्या दुकानात तलवाड्याची पिशवी

आमचे तलवाडा हे गेवराई तालुक्यातील त्वरितादेवीचे गाव. ऊसतोडीसाठी दरसाल घर सोडणाऱ्यांच्या या जिल्ह्यात स्थलांतर कुणालाच नवे नाही. नवे आहे ते वृद्धांचे स्थलांतर. मुलगा आखाती देशात स्थिरावतो आणि मग आईवडिलांना बोलावून घेतो. असे आईवडील निघण्यापूर्वी रक्तदाब तपासण्यास माझ्या दवाखान्यात येतात. पूर्वी मी त्यांना गोळ्यांची यादी देत असे. आता आधी विचारतो : तिकडे घरापासून दुकान किती पावलांवर आहे?

हा प्रश्न मला आईने शिकवला. वय ७८, मधुमेह जुना. २०२४ च्या दिवाळीनंतर धाकट्या भावाने तिला शारजाला नेले. निघतानाच एक पेच आला. तिने अनारसे केले होते आणि अनारशांवर खसखस! संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. तिला पुन्हा बिनखसखशीचे अनारसे करावे लागले. औषधांचेही तसेच. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीवाचून आपण तिकडे नेऊ नयेत. बाकीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे; विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

घर नवव्या मजल्यावर, खिडक्या बंद, वातानुकूलन अखंड. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तिकडे ‘बकाला’ म्हणतात. फोन केला की सामान दारात येते. सुनेची सोय झाली आणि सासूचा दिवस रिकामा झाला. मेथीचा देठ मोडून पाहिल्याशिवाय पैसे न देणारी ही बाई तीन आठवडे सोफ्यावर बसून राहिली. भूक मंदावली, गुडघे आखडले, झोप उडाली. महिन्याभराने मी पोहोचलो तेव्हा तिने मला पहिला प्रश्न केला, “परतीचं तिकीट कधीचं आहे?” वाचकहो, तिच्या रक्ततपासणीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. एवढ्या उन्हाच्या देशात घरात कोंडलेल्या माणसांना ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भासते, हे मात्र मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिला खाली उतरवले. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे लागते आणि आपली मान सवयीने उजवीकडे वळते. पहिले काही दिवस आम्ही एवढाच सराव केला. (उन्हाळ्यात हा उद्योग पहाटे किंवा रात्रीच करावा. तहान वयानुसार मंदावते. ती लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.)

मग आम्ही रोला भागातील दुकानांपर्यंत जाऊ लागलो. भाषेची भीती तिच्यापेक्षा मलाच अधिक होती. आई १९४६ ची, म्हणजे निजामाच्या राज्यात जन्मलेली. दुकान, साबण, हिशेब, तारीख, बाकी हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्या घरात कधीच नांदायला आले आहेत. तिने ‘साबण’ म्हटले. शेजारी उभ्या वृद्ध अरब गृहस्थांनी ‘साबून’ म्हणत फळीकडे बोट दाखवले, आणि तिचा चेहरा उजळला. अंकांनी मात्र फसवले. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. किंमत एकवेळ चुकली तरी चालेल, औषधाची मुदत चुकता कामा नये. ‘लबन’ म्हणजे ताक, ते तिला मानवले. खारवलेले ऑलिव्ह आणि चीज यांना मी तिच्या रक्तदाबासाठी हात लावू दिला नाही. ‘बिदून सुक्कर’ म्हणजे साखरेविना. पण फळांच्या रसावर हे शब्द असले तरी फळाची साखर आत असतेच.

आता माझी चूक सांगतो. मी दिलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या संपल्या, सिरिंजा उरल्या. भावाने तेथील डॉक्टरांची चिठ्ठी आणली. बाटली घरपोच येणार होती. आई म्हणाली, मीच जाते. तलवाड्याच्या सवयीने तिने जुनी बाटली आणि सिरिंज कापडी पिशवीत घेतली. औषध दुकानातील केरळी तरुणाने सिरिंजेची लाल टोपी पाहिली आणि तो थांबला. आपल्याकडील इन्शुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिकडे १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. आईचा डोस २० युनिटचा. लाल सिरिंजेत २० च्या खुणेपर्यंत तिकडचे इन्शुलिन भरले असते तर ५० युनिट शरीरात गेले असते! नवव्या मजल्यावर, रात्री, कुणाच्या लक्षात येण्याआधीच साखर कोसळली असती. तीस वर्षे हीच सिरिंज हाताळणारा मी शेजारी नुसता उभा होतो. (पेनमधील इन्शुलिन दोन्हीकडे बहुधा १०० चे असते, कधी त्याहूनही तीव्र; तेव्हा पेनमधले इन्शुलिन सिरिंजेने कधीही काढू नये.)

त्यानंतर तिने सामान दारात येऊ दिले नाही. मार्चअखेर परतली तेव्हा तिच्या पिशवीत खजूर होता, माझ्या धाकाने मोजकाच. उरलेल्या नारिंगी टोपीच्या सिरिंजा तिने सुनेच्या कपाटात ठेवल्या होत्या. म्हणाली, “तिकडचं माप तिकडंच राहू दे. पुन्हा गेले की लागतील.”