नालकुंतल आणि रेसची गाडी

दहावीला नालकुंतलाची आकृती फळ्यावर काढून मी पुढे सरकतो. परवा कागल पंचतारांकित एमआयडीसीत माझा जुना विद्यार्थी ड्रॅग रेसच्या गाडीला इलेक्ट्रिक शिफ्टर बसवत होता. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटरची शर्यत. स्टिअरिंगवरचा हात न काढता बटण दाबलं, की विजेच्या जोरावर गिअरचा दांडा सरकतो.

मी म्हटलं, "मग बॅटरीची वायर सरळ बटणातूनच ने की!"

"न्हाई सर, सोलेनॉइड लई करंट खातंय, बटण जळंल. बटणानं नुसता रिले चालू करायचा. जाड वायर बॅटरीतनं फ्यूजला, तिथनं रिलेला, मग सोलेनॉइडला. आन् अर्थिंगला बॉडीचा रंग खरवडायचा."

सोलेनॉइड म्हणजेच नालकुंतल, हे त्याला ठाऊक नव्हतं. सहामाहीला त्याच प्रश्नाचं उत्तर त्यानं कोरं सोडलं होतं. शून्य मीच दिला होता.