बेबाकी कागदावर हवी

व्यापाऱ्याच्या घरात देण्याचा विषय दबक्या आवाजातच निघतो. पत जाईल या भीतीने सल्ला घेण्यास उशीर होतो आणि उशिरामुळे नुकसान वाढते. २००८ च्या मंदीनंतर न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी कुटुंबावर हाच प्रसंग आला. दुकान मंदावले, गृहकर्जाचे हप्ते थकले आणि घराची बाजारातील किंमत कर्जाच्या बाकीहून खाली गेली.

अशा वेळी अमेरिकेत ‘शॉर्ट सेल’चा मार्ग असतो. धनको बँकेच्या संमतीने घर बाकीपेक्षा कमी किमतीला विकले जाते. समजा, बाकी ४ लाख डॉलर आणि विक्रीतून आले ३ लाख, तर उरलेल्या १ लाखाचे काय? बँकेने तारण सोडले म्हणजे कर्जही सोडले, असा समज सर्रास आढळतो. परंतु तारणमुक्ती वेगळी आणि ऋणमुक्ती वेगळी. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून राहत्या घरांच्या शॉर्ट सेलनंतर ही तूट मागण्यास मनाई केली. सर्व राज्यांत असे संरक्षण नाही. तेथे तूट माफ केल्याचे स्पष्ट वाक्य बँकेच्या संमतिपत्रातच असावे लागते.

दलाल असताना वकिलाची फी कशाला, असे यजमानांना प्रथम वाटले. पण दलाल गिऱ्हाईक आणतो. कागद वाचणे हे वकिलाचे काम. न्यू जर्सीत दलालाने तयार केलेला घरविक्रीचा करार वकिलाकडून तपासून घेण्यास तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या मुदतीत वकीलबाईंनी ‘बँकेची संमती मिळाल्यासच विक्री’ ही अट घातली. आर्थिक अडचणीचे निवेदन उत्पन्न-खर्चाच्या खऱ्या आकड्यांसह लिहवून घेतले. घरावर दुसरेही कर्ज होते; त्या धनकोचीही संमती मिळवली.

खरी कसोटी पुढे लागली. थोरल्या बंधूंनी सुचविले, “घर मी घेतो. तुम्ही तेथेच भाड्याने राहा आणि सवड झाली की परत घ्या.” सर्वांना हायसे वाटले. वकीलबाईंनी बँकेचे प्रतिज्ञापत्र पुढे ठेवले. खरेदीदार नात्यातला नाही आणि आतून कोणताही ठराव झालेला नाही, असे त्यावर शपथेवर लिहून द्यायचे होते. येथे खोटी सही म्हणजे फसवणुकीचा गुन्हा, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. यजमान रात्रभर विचारात होते. सकाळी त्यांनी बंधूंना नकार कळविला आणि घर परक्याला विकले.

एक बाब उरली होती. माफ झालेले कर्ज तेथील करकायद्यात सामान्यतः उत्पन्न धरले जाते आणि धनको त्याची नोंद १०९९-सी या फॉर्मवर कळवितो. मुख्य राहत्या घराच्या कर्जासाठी २००७ च्या कायद्याने सवलत दिली होती. तिचा लाभ घेण्यासाठी वकीलबाईंनी त्यांना करसल्लागाराकडे पाठविले. दोन्ही धनकोंची तूटमाफी लेखी हाती आल्यावरच त्यांनी विक्रीच्या कागदांवर सह्या होऊ दिल्या.

घर गेले, पण मागे देणे राहिले नाही आणि खोटी सहीही राहिली नाही. आज अनेक घरांतील मुले परदेशी कर्जे काढून घरे घेत आहेत. अडचण आलीच, तर ती वडीलधाऱ्यांपासून आणि वकिलापासून लपवू नये, आणि बेबाकी तोंडी आश्वासनावर न सोडता कागदावर घ्यावी.