पाय घट्ट, फोटो मस्त!

काही खरेदी अशा असतात, की त्यांच्याबद्दल ऑफिसात सांगून काही उपयोग नसतो. नवा मोबाइल दाखवा, अख्खी रांग खुर्च्या सरकवत येते. नवी लेन्स दाखवा, 'तोफच आहे की!' असं कुणीतरी म्हणतंच. पण ट्रायपॉड? 'अच्छा, स्टँड घेतलास होय,' एवढं बोलून माणूस चहाच्या मशिनकडे वळतो. वरातीत सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडे असतं, घोड्याकडे कोण बघतंय? पण घोडा बुजला की मग सगळ्यांना घोडाच दिसायला लागतो. लांब पल्ल्याच्या टेलिफोटो लेन्सचं आणि ट्रायपॉडचं नातं अगदी हेच आहे.

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात असते आणि महिन्यातले दोन वीकेण्ड इचलकरंजीत. बोनस आला तेव्हा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. कॅमेऱ्यासकट वजन पावणेतीन किलो. पक्ष्यांचं वेड जुनंच आहे. पंचगंगेचा काठ घरापासून जवळ, नृसिंहवाडीचा संगम त्याहून थोडा लांब, आणि एखादी जोडून सुट्टी मिळाली तर दाजीपूर. लेन्स आली, आता तिला पाय हवे होते. ते शोधायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे कळलं, ते सगळं दुकानात नाही कळलं. बरंचसं आमच्या गच्चीवर कळलं.

केसाचा विसावा भाग

आधी थोडं गणित. घाबरू नका, एक्सेल उघडायला लागणार नाही. ६०० मिमी लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर लावली की तिला समोरचं जग आडवं जेमतेम साडेतीन अंश दिसतं. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर असेल, तर त्यातला एक पिक्सेल म्हणजे शंभर मीटरवरचा साधारण एक मिलिमीटर. आता लेन्स आणि कॅमेरा मिळून फूटभर लांबीचा दांडा आहे असं समजा. त्याचं एक टोक फक्त तीन मायक्रॉन वरखाली झालं, की चित्र एक पिक्सेल सरकतं. तीन मायक्रॉन म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग!

म्हणूनच वाइड लेन्सखाली शहाण्यासारखा उभा राहणारा ट्रायपॉड ६००वर गेल्यावर थंडी भरल्यासारखा थरथरतो. तो तेवढाच हलत असतो, आपल्याला ते दिसायला लागतं एवढंच. 'हातात धरून काढायचा असेल तर शटर एक भागिले फोकल लेंग्थपेक्षा वेगवान ठेव' हा जुना फंडा तुम्ही ऐकला असेल. ६००ला म्हणजे १/६०० सेकंद. भर उन्हात ठीक आहे. पण पहाटे सहा वाजता नदीवर धुकं असतं, खंड्या नुकताच फांदीवर येऊन बसलेला असतो, तेव्हा १/६०० कुठून आणणार? लेन्समधलं स्टॅबिलायझेशन मदत करतं, पण पावणेतीन किलो हातात धरून वीस मिनिटं वाट बघायचं काम ते करत नाही.

लाइट गेली आणि अक्षरं थांबली

आता आमच्या गच्चीबद्दल. इचलकरंजी हे मागांचं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे यंत्रमागाचा कारखाना काढला आणि पुढे गल्लोगल्ली शेड उभ्या राहिल्या. खाली माग आणि वर घर, अशा घरांत आम्ही वाढलो. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो. असे आठ माग खाली चालू असताना आम्ही पाढे पाठ केले, दहावीचा अभ्यास केला, झोपलोसुद्धा. पाहुण्यांना झोप यायची नाही. आम्हाला माग बंद पडले की जाग यायची.

आमचे माग गेल्या वर्षी विकले. शेजारच्यांचे चालू आहेत आणि भिंत सामाईक आहे. म्हणजे माग गेले, थरथर राहिली.

मामेभावाकडून त्याचा लग्नाच्या शूटिंगचा हलका ट्रायपॉड ट्रायलसाठी आणला होता. गच्चीवर लावला, लेन्स चढवली आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवरच्या अक्षरांवर रोखली. मग स्क्रीनवर चित्र दहापट मोठं केलं. ट्रायपॉडची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे, फुकटची आहे आणि कुणालाही जमते. अक्षरं नाचत होती. वारा नव्हता, माझा हात लागलेला नव्हता, तरी नाचत होती. शटर केबलने दाबलं, तरी तेच.

आणि तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम गप्प. इचलकरंजीतली ही शांतता ज्याने ऐकली आहे त्यालाच कळेल. आणि स्क्रीनवर टाकीची अक्षरं हळूहळू थांबली. एकेक कानामात्रा वाचता येईल इतकी स्वच्छ!

मागून अण्णा बघत होते. ते म्हणाले, "जमिनीतनं येतंय ते. तुझ्या काठ्या बारीक हायत, त्या गिळत न्हाईत."

अण्णांची टिचकी

माझे वडील चाळीस वर्षं मागांमागे उभे राहिले. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर, मग स्वतःचे माग. आता त्यांना कमी ऐकू येतं, डाव्या कानाने तर जवळपास नाहीच. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या आमच्याकडच्या अनेक माणसांचं हे असंच असतं. पण बोटं शाबूत आहेत. मागाच्या चौकटीवर पंजा ठेवून कुठला बोल्ट सैल झालाय ते सांगायचे. माग विकल्यापासून त्यांना कुणी काही विचारायला येत नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळीही तोच पेपर.

त्यांनी खाली बसून ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली आणि दुसऱ्या हाताचं बोट लेन्सच्या टोकाला लावलं. "एक, दोन, तीन, चार... अजून हाय." मग मधला दांडा खाली घातला, पायांचे सगळ्यात खालचे, सगळ्यात बारीक तुकडे आत ढकलले आणि पुन्हा टिचकी मारली. "दोन. बघ, निम्म्यावर आलं."

ट्रायपॉड निवडण्याचे सगळे फंडे खरं तर या टिचकीत आले. थरथर तीन गोष्टींनी कमी होते. वस्तू ताठ असावी, वजनदार असावी आणि ज्याची बनवली आहे त्या मालात थरथर जिरवण्याचा गुण असावा. मागाची चौकट बिडाची का असते? कारण बीड जड असतं आणि हादरा पोटात घेतं. ट्रायपॉडच्या बाबतीत अडचण एकच आहे, तो पाठीवर घेऊन चालायचं असतं!

म्हणून कार्बन फायबर. तो ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि थरथर लवकर जिरवणारा. 'गित्झो' या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला, तेव्हा ती फक्त प्रोफेशनल मंडळींची चैन होती. आता चिनी कंपन्यांमुळे तो आपल्या टप्प्यात आलाय, तरी खिशाला चाट पडतेच. लाकूडही थरथर छान जिरवतं. रस्त्याची मोजणी करणाऱ्यांचा पिवळा लाकडी स्टँड आठवतोय ना? तो उगाच लाकडी नसायचा.

दुकानात जाताना

बॉक्सवर 'लोड कपॅसिटी १२ किलो' असं ठळक छापलेलं असतं. त्यावर भाळू नका. हा आकडा कसा काढायचा याचा सगळ्या कंपन्यांना लागू असलेला एकच नियम नाही. बारा किलो ठेवले तर पाय मोडणार नाहीत, एवढंच त्यातून कळतं. थरथरणार नाहीत, असं कुठे म्हटलंय? आपल्या सामानाच्या दुप्पट-तिप्पट आकडा असावा हा ढोबळ अंदाज ठीक, पण खरी नजर नळीच्या जाडीवर ठेवा. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २५ मिमीवरून ३२ केला, की ताठपणा दुपटीच्या आसपास जातो. सात मिलिमीटरमध्ये दुप्पट! ६००च्या लेन्ससाठी वरची नळी ३२ मिमीच्या आसपास हवी.

पुढचा मुद्दा, पायाचे तुकडे किती? चार तुकड्यांचा ट्रायपॉड एसटीच्या रॅकवर मावतो, पण प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा साडेतीन-चार मिलिमीटरने बारीक होत जातो आणि जोडही एक वाढतो. अण्णांच्या भाषेत, "जोड आला की ढिल आली." तीन तुकड्यांचा घ्या. मधला वरखाली होणारा दांडा तर नसलेलाच बरा. तो पूर्ण वर काढला, की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं. उंची मात्र पायांनीच डोळ्यापर्यंत आली पाहिजे.

मग डोकं, म्हणजे हेड. साध्या बॉल हेडवर जड लेन्स लावून नॉब सैल केला, की लेन्स धाडकन तोंडावर पडते. कधी बोट चिमटतं, कधी अख्खा ट्रायपॉड कलंडतो. टेलिफोटोसाठी गिंबल हेड सॉलिड. त्यात लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते. तिचा तोल एकदा साधला, की नॉब न आवळताही जिथे सोडाल तिथेच थांबते, आणि उडणाऱ्या घारीमागे एका बोटाने फिरवता येते. ट्रायपॉड नेहमी लेन्सच्या पायाला जोडायचा, कॅमेऱ्याला नाही, हे तर गृहीतच. पण तो पायही तपासा. बऱ्याच झूम लेन्सचा पाय लांब आणि नाजूक असतो, आणि मग खाली कितीही भारी ट्रायपॉड घ्या, ढिल तिथे निघते. प्लेट ३८ मिमीची, आर्का-स्विस पद्धतीची घेतली की बहुतेक हेडना चालते.

आम्ही दोघं कोल्हापूरला दुकानात गेलो. मी लेन्स घेऊन गेले होते, अण्णा बोटं. काउंटरवरच्या मुलाने चार ट्रायपॉड मांडले आणि फीचर्स सांगायला लागला. अण्णांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकेकाचं डोकं धरून पिळून बघितलं, टिचकी मारली, बोट लावलं आणि मोजलं. तिसऱ्याला 'दीड' म्हणाले आणि तिथेच थांबले.

बाहेर पडताना त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते काही बोलले नाहीत. एसटीत बसल्यावर म्हणाले, "आपल्या एका मागाचं भंगारात एवढंच आलं हुतं." रागाने नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाले. मला काय बोलावं ते सुचेना. मग तेच म्हणाले, "चांगला हाय पर. चाळीस वर्सं जाईल."

नदीकाठची युनिव्हर्सिटी

ट्रायपॉड घेतला म्हणजे झालं नाही, तो लावायचाही असतो. घाटाच्या दगडावर रबरी बूट चालतात, गाळात आणि वाळूत टोकदार खिळे हवेत. पाय रोवताना वरून दाबून बसवा. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा, म्हणजे पुढचं वजन त्याच्यावर येतं. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकवा, पण लोंबकळती नको. तिची कड जमिनीला टेकू द्या, नाहीतर तिचाच लंबक होतो. उंची गरजेपुरतीच वाढवा. लेन्सचा लांब हूड वाऱ्यात शिडासारखा भरतो, उजेड साथ देत असेल तर तो काढून ठेवा.

डीएसएलआर असेल तर आतल्या आरशाच्या धक्क्यावर लक्ष ठेवा. १/१५ सेकंदाच्या आसपासच्या शटरला तो जास्त बाधतो. आरसा आधी वर घ्या, दोन सेकंदांचा टायमर लावा. मिररलेसमध्ये आरसा नाही, पण शटरचा पडदा असतोच, तिथे इलेक्ट्रॉनिक शटरचा पर्याय वापरून बघा. स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करायचं की चालू ठेवायचं, यावर वाद घालू नका. जुन्या लेन्स गोंधळतात, नव्या बहुतेक ओळखतात. दोन्ही करून बघा आणि चित्र मोठं करून ठरवा.

दाजीपूरला जीपमध्ये तीन पाय पसरायला जागा नसते. तिथे बीनबॅग. आमची बीनबॅग आमच्याच शेडमधल्या शेवटच्या ताग्याच्या कापडाची आहे. आईने दुहेरी शिलाई घातली आणि आत ज्वारी भरली. दुकानात असली मिळत नाही!

कृष्णेच्या काठावर मगरी ऊन खायला येतात, हे सांगली-शिरोळकडच्यांना नवं नाही. लांब लेन्सचा खरा फायदा इथे कळतो. पलीकडच्या काठावरची मगर तिच्या जागी निवांत, आपण आपल्या जागी जिवंत.

आता वीकेण्डला अण्णा बरोबर येतात. मी ट्रायपॉड लावते, ते शेजारी घडीच्या स्टुलावर बसतात. पेपर घरीच राहतो. नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतात त्या त्यांना दिसतात, त्यांची ओरड ऐकू येत नाही. मी फ्रेम लावून हात काढते, आणि ते पायावर एक बोट टेकवून डोळे मिटतात. वारा येतो, जातो. पुलावरून ट्रक जातो, त्याचीही थरथर हळूहळू विरते. कॅमेऱ्यातलं कुठलंही गॅजेट मला हे इतक्या अचूक सांगत नाही. ते बोट अलगद उचलतात आणि म्हणतात, "आता दाब."