आणि परिवार

सेनगाव, साखरा, गोरेगाव, आखाडा बाळापूर, वारंगा, डोंगरकडा, कुरुंदा, हट्टा, जवळा बाजार. हा भूगोल मला शाळेत कुणी शिकवला नाही. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर फर्माईशीची गाणी लागायची. गाण्याआधी निवेदिका एका दमात नावं वाचायची आणि नावांना चिकटून ही गावं यायची. सगळ्यांच्या शेवटी 'जिल्हा परभणी'. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला; तोवर आमचा मुक्काम परभणीच्याच पोटात. पेपरात आमचं नाव यायचं ते दसऱ्याच्या प्रदर्शनापुरतं, नाहीतर औंढ्या नागनाथाच्या यात्रेपुरतं. रेडिओवर मात्र ते वरचेवर यायचं आणि आलं की गल्लीत कुणीतरी ओरडायचं, "अबे, लागलं की आपलं नाव!"

गाणं कोणतं लागलं, हे बऱ्याचदा नंतर विचारलं जायचं.

आमच्या श्रोता संघाची ना घटना होती, ना नोंदणी. एक रबरी शिक्का, एक लांबडं रजिस्टर आणि बसायला चाचांचं टेलरिंगचं दुकान, एवढीच इस्टेट. चाचा मशीनवर, गुरुजी खुर्चीवर, बाकीचे कापडाच्या गठ्ठ्यांवर नाहीतर दाराच्या पायरीवर. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. कार्ड लिहायचं काम त्यांचं, कारण अक्षर मोत्यासारखं. निवेदकाला जे कार्ड पटकन वाचता येतं तेच वर राहतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. ती खरीच असावी. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. वर कार्यक्रमाचं नाव, खाली चित्रपट, गायक, मग जाड रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात मावतील तेवढी नावं. लाल स्केचपेनने गावाला चौकट. शिक्का पत्त्याच्या बाजूला उमटू नये म्हणून गुरुजी कार्डाखाली पाटी धरायचे.

नावांचा क्रम चाचा ठरवायचे. ज्याचं नाव या महिन्यात लागलेलं नाही त्याचं वर. वशिला चालत नसे. त्यामुळे एका कार्डावर देशमुख, त्याच्या खाली त्यांच्याच शेतात सालगडी असलेला माणूस, त्याखाली शेख, कांबळे, राठोड, जैस्वाल अशी रांग लागायची आणि परभणीहून ती तशीच्या तशी, एकाच आवाजात, एकाच आदराने वाचली जायची. गावात या नावांना एका ओळीत बसवणारी दुसरी जागा मला तरी आठवत नाही. एकाने तर आपल्या बैलजोडीची नावं कार्डावर घुसडली. निवेदिकेने सर्जा आणि राजा यांनाही माणसांत धरून वाचलं. त्या पोळ्याला त्या बैलांच्या शिंगांना जरा जास्तच बेगड लागली.

परभणी दिवसा. रात्र पडली की रेडिओची तऱ्हाच बदलायची. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. रात्री वर, आकाशातल्या थरावर आपटून लांब लांब जाऊन पडतात. म्हणून अंधार पडला की परभणीच्या आसपास नागपूर, हैदराबाद आणि कुठली कुठली केंद्रं एकमेकांच्या अंगावर बोलायला लागायची. शॉर्टवेव्हचं तर सगळं कामच त्या थराच्या जिवावर. जागलीला गेलेला माणूस माळ्यावर ट्रान्झिस्टर घेऊन पडायचा आणि ज्वारीच्या रानात सिलोन घुमायचं. आवाज जवळ यायचा, मोठा व्हायचा आणि ऐन कडव्याला विरून जायचा. सेल उतरले की दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवायचे. तेवढ्यावर आणखी दोन रात्री निघायच्या. वसमतकडे हळद शिजवायचे दिवस आले की कढईच्या जाळाशेजारी रेडिओ असायचाच. त्याच्या प्लास्टिकला झळ लागून एक बाजू वाकलेली असायची, पण तो वाजायचा.

चाचांच्या वडिलांनी ऐकलेलं पहिलं केंद्र म्हणजे निजामाचा डेक्कन रेडिओ. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ एप्रिल १९५० ला डेक्कन रेडिओ आकाशवाणीत गेला. आणि पुढे दोनच वर्षांत आकाशवाणीच्या कारभाऱ्यांनी श्रोत्यांना सिलोनला धाडलं, असं चाचा म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती नव्हती. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत; ती आकाशवाणीवरून हटली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगत; पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, ती या पळालेल्या श्रोत्यांना घरी आणायला. केसकर मराठी माणूस, संगीताचे जाणकार. पण देशभर श्रोता संघ उभे राहायला त्यांच्याइतका हातभार कुणाचा लागला नसेल.

बुधवारी रात्री आठला चाचांचं मशीन बंद. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची मतं मिळून गीतमालेत गाण्यांचे नंबर लागायचे, म्हणून आमची मंडळी त्या तासाकडे निवडणुकीच्या निकालासारखं बघायची. झुमरीतलैया हे गाव खरंच आहे की कुणी थट्टा करतंय, यावर दुकानात महिनोन् महिने वाद चालला. मग कुणीतरी रेल्वेच्या नकाशात त्याचं स्टेशन, कोडरमा, शोधून काढलं. बिहारातलं अभ्रकाच्या खाणींचं ते गाव, आता झारखंडात. तिथले लोक पोत्याने फर्माईशी पाठवतात म्हणून आमच्याकडे त्यांच्याबद्दल असूया होती, भाटापाऱ्याबद्दलही होती. त्यातल्या एकाचंही तोंड आम्ही पाहिलेलं नाही. पण एखादं नाव दोन-तीन आठवडे लागलं नाही की गुरुजी म्हणायचे, "आजारी असंल. नाहीतर पोरीचं लग्न असंल."

कळमनुरीकडच्या एका पोराचा नाद आणखी पुढचा. त्याला गाण्यात रस नव्हता, त्याला लांबचं पकडायचं होतं. घराच्या धाब्यावर दोन बांबू, मधे तांब्याची तार. मॉस्को, टोकियो, जर्मनीचं डॉइच वेल, पेकिंग. ऐकलं की तो 'रिसेप्शन रिपोर्ट' लिहायचा: तारीख, वेळ, मीटर, आणि सिन्पोचे पाच आकडे. आवाजाचा जोर किती, दुसऱ्या केंद्राचा त्रास किती, खरखर किती, लहरींचा चढउतार किती, एकंदर कसं. प्रत्येकाला एक ते पाच गुण. महिना-दोन महिन्यांनी त्याला त्या देशातून छापील कार्ड यायचं, की हो, तुम्ही ऐकलंत ते आमचंच केंद्र. सोबत स्टिकर, कधी कॅलेंडर. पोस्टमन ते पाकीट द्यायला पारावर थांबायचा, म्हणजे चार माणसांनी तिकीट बघावं. बारावीत नापास झालेल्या या पोराला जपानच्या रेडिओने 'आदरणीय श्रोता' म्हटलेलं होतं.

बायकांबद्दल लिहायला हवं, कारण त्या आमच्या रजिस्टरात जवळजवळ नाहीत. दुकानाच्या पायरीवर त्या बसणं शक्यच नव्हतं. पण रेडिओ सगळ्यात जास्त वेळ ऐकायचं कोण? दुपारी वाती वळताना, डाळ निवडताना, सूप हातात असताना, त्याच. गाण्याचं संगीत कुणाचं, हे चाचांचं चुकायचं, माझ्या आईचं चुकायचं नाही. कार्डावर त्यांची सोय एका टोकाला केलेली असायची: अमुक अमुक 'आणि परिवार'. त्या दोन शब्दांत आजी, आई, काकू, तीन बहिणी आणि नुकती आलेली सून, एवढं सगळं घर बसवलेलं. आमच्या शेजारच्या एक काकू मात्र हुशार. त्या आपल्या पाच वर्षांच्या पोराच्या नावाने कार्डं पाठवायच्या. ते पोर पाळण्यातून उतरलं नाही तोच त्याला तलत महमूद फार आवडायला लागला होता. निवेदिका त्याचं नाव वाचायची आणि काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहायच्या, कुणी ऐकलं का ते बघायला.

हे सगळं मोडलं कधी, ते सांगता येत नाही. माणूस गेला की दहावं-तेरावं असतं, गाव जमतं, चार दिवस घरी चूल पेटत नाही. अशा गोताला तसं काही नसतं. रामायणाच्या वेळी रविवारी रेडिओ गप्प झाले. कॅसेट आली तेव्हा आवडीच्या गाण्याची वाट बघायची गरज उरली नाही. मग फोनवरच्या फर्माईशी आल्या. त्यात एक माणूस निवेदिकेशी पाच मिनिटं बोलायचा, हवापाण्याचं विचारायचा. पंचवीस नावांची रांग गेली. मला विचाराल तर तो घाव सगळ्यात खोल. फोन करणारा एकटा असतो, कार्डाला मंडळी लागते. पुढे मोबाइल आला आणि पोस्टाच्या पेटीवर कुणी पक्ष्याने घरटं केलं तरी कुणाला कळेना. परदेशी केंद्रांनी तरी तारीख सांगून निरोप घेतला. डॉइच वेलची हिंदी २०११ मध्ये थांबली. बीबीसीची हिंदी ११ मे १९४० पासूनची. तिची शॉर्टवेव्हवरची शेवटची सभा ३१ जानेवारी २०२० ची. कळमनुरीचा तो पोर, आता त्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे, त्याने त्या रात्री गिऱ्हाईक बाहेर ठेवून शटर अर्धं ओढलं आणि सवयीने रिपोर्ट लिहिला. पाठवायचा कुठे, हा प्रश्न होता. तो आमच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. खाली तिघांनी नमस्काराचे हात जोडले.

आमच्या मध्यमलहरींना असा मुहूर्तही मिळाला नाही. गेल्या काही वर्षांत देशभरातले जुने ट्रान्समीटर प्रसार भारती एकेक करून बंद करत आली. मोबाइलवर सरकारी ॲप आहे, त्यावर पाहिजे ते केंद्र स्वच्छ ऐकू येतं. खरखर नाही, चढउतार नाही. सिन्पोचे पाचपैकी पाच गुण. त्याला सध्या ऐकणारं कोण, ते कळायला मात्र मार्ग नाही.

याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगोची वेधशाळा होतेय. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लहर चार-चार किलोमीटरच्या नळ्यांतून पकडायची. मी हे चाचांना समजावून सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवून घेतला, मग म्हणाले, "अच्छा है. सुननेवाले तो रहेंगे जिले में."

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. उरलेल्यांनी एकमेकांना फोन केले आणि फोनवर सगळ्यांनी त्यांचाच आवाज काढून बघितला. कुणालाच जमला नाही. त्याच वर्षी चाचांचं दुकान उठलं. मुलगा हैदराबादला, त्याने बोलावून घेतलं. जायच्या आधी आम्ही दुकानात बसलो, सोबत कळमनुरीवालाही. कपाट रिकामं, मशीन विकलेलं, गठ्ठे नाहीत म्हणून सगळे फरशीवर. शिक्का कुणाला पाहिजे, यावर कुणी बोललं नाही. चाचांनी तो बटणांच्या डब्यात टाकला आणि डबा आपल्या पिशवीत. रजिस्टर गुरुजींकडे, असं ठरलं. त्यात नावांपुढे कितीतरी ठिकाणी गुरुजींनी बारीक फुली केलेली होती. ते पान पालटताना कुणाच्या नावाशी थांबायचं नाही, असं जणू सगळ्यांनीच मनाशी ठरवलेलं.

निरोपाचं भाषण वगैरे कुणी केलं नाही. शेवटच्या पानावर काहीतरी लिहू, म्हणून गुरुजींनी पेन काढलं. काय लिहायचं? कळमनुरीवाला म्हणाला, संघाचं सर्वांत आवडतं गाणं लिहा. आणि १९८० साल निघालं.

त्या वर्षीच्या वार्षिक गीतमालेत 'सरगम'मधलं डफलीचं गाणं पहिलं आलं होतं. चाचांना ते तेव्हाही मान्य नव्हतं. 'सरगम' पडद्यावर आला १९७९ मध्ये, मग त्याला ऐंशीचा मान कसा? मान 'कुर्बानी'चा. गुरुजी म्हणाले, त्यात काय, विलायती ठेका आणि नाचरं काम. इकडे लता आणि रफी आहेत. चाचा म्हणाले, लता-रफी को कौन ना बोलरा, साल का बोलरा मैं. गुरुजींचा आवाज चढला. कळमनुरीवाल्याने 'कर्ज' पुढे करून पाहिला, त्याला दोघांनीही गप्प केलं. समोरचा हॉटेलवाला चहा घेऊन आला होता, तो भांडण बघून दारातच थांबला.

"चाचा, चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला," मी म्हटलं.

"तो क्या हुआ? गलत सो गलतच," चाचा म्हणाले. "लिखो गुरुजी. साफ लिखो. कुर्बानी."

गुरुजींनी चष्मा वर केला, पेनाचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरात 'सरगम' लिहिलं.