शरणपूर ते फ्रेरटाऊन

संडे स्कूलमध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनची गोष्ट आम्हाला दरवर्षी ऐकायला मिळायची. आफ्रिकेच्या आतल्या भागात, बिछान्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करताना तो वारला आणि चुमा व सुसी या दोन इमानी सेवकांनी त्याचं प्रेत समुद्रापर्यंत वाहून आणलं. गोष्ट तिथे संपायची. तिचा राहिलेला भाग मला आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींकडून कळला. तेव्हा केनियातल्या मोंबासाला सेवाकार्यासाठी एक तुकडी निघाली होती. नाव द्यावं की नाही, याचा मी विचार करत होते. मावशी म्हणाल्या, "विचार काय करतेस? आपल्या शरणपूरची पोरं दीडशे वर्षांपूर्वीच गेली तिकडं. लिव्हिंगस्टनसाहेबाला खांदा दिला तो त्यांनी." दुसऱ्या दिवशी मी नाव दिलं आणि निघेपर्यंत हाताला लागेल ते वाचत राहिले.

पूर्व आफ्रिकेतून माणसं भरून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात अडवायचं. त्यांत सापडलेली कित्येक मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांना परत पाठवायचं तर कुठे? गाव जळालेलं, आईबाप मेलेले नाहीतर विकलेले. त्याच किनाऱ्यावर सोडलं तर तोच दलाल पुन्हा धरणार. त्यामुळे बरीच मुलं मिशनऱ्यांच्या हवाली झाली. नाशिकशेजारी चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसवलं होतं. तिथे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली या मुलांसाठी आश्रम चालत असे. मुलं सुतारकी, लोहारकी शिकली, लिहायला-वाचायला शिकली. नावं मिळाली ती साहेबलोकांची: फरार, आयझेनबर्ग, प्राइस, जोन्स, वेनराइट. याओ जमातीतला चेंग्विम्बे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला.

१८६५ मध्ये लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि शेवटच्या मोहिमेसाठी त्यानं इथून नऊ जण निवडले. १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून झांजिबारकडे निघाले. १८७२ मध्ये आणखी काही नाशिककर त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, केरस फरार होता. आणि आमच्या गोष्टीतला चुमासुद्धा मुंबईत राहिलेला, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला आणि त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मोंबासाला उतरले. आमच्या तुकडीत एक निवृत्त परिचारिका, एक चष्म्याचे नंबर काढणारे गृहस्थ, एक सुतार, कॉलेजची काही मुलं आणि मी. राहण्याची सोय एका अतिथिगृहात होती. त्याबद्दल चांगलं लिहावं असं काही नाही. नळाला पाणी पहाटे तासभर यायचं आणि ते खारट लागायचं. मच्छरदाण्यांना हात जाईल एवढी भोकं होती. तक्रार केली की व्यवस्थापक हसून "हाकुना शिदा", म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणायचा आणि निघून जायचा. मलेरियाच्या मुलखात फाटकी मच्छरदाणी ही हसण्यावारी न्यायची बाब नाही. शेवटी आमच्या परिचारिकाबाईंनी बाजारातून सुईदोरा आणून साऱ्या मच्छरदाण्या शिवल्या.

कामाचं स्पष्टच लिहिते, कारण अशा सफरींना जाणारे आता आपल्याकडेही वाढत आहेत. पहिलं काम होतं एका शाळेचे वर्ग रंगवणं. मुलं उत्साहानं रंगवत होती, फोटो निघत होते आणि फाटकाशी दोन स्थानिक रंगारी हात बांधून उभे होते. आमच्यातल्या एकाच्या विमानाच्या तिकिटात त्या दोघांना कितीतरी दिवसांची मजुरी मिळाली असती. असं काम दूरदेशी जाऊन करू नये. तिथल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं ही सेवा नव्हे. दुसरं काम मात्र खरोखर उपयोगाचं झालं. नेत्रशिबिर तिथल्याच दवाखान्यातली एक नर्स चालवत होती. आमचे गृहस्थ तिच्या हाताखाली बसले, आणि आम्ही गेल्यावरही पुढची तपासणी तीच करणार होती. एका आजींना जवळचा चष्मा लावून पाहिला. त्यांनी पिशवीतून कडा झिजलेलं स्वाहिली बायबल काढलं, बोटानं ओळ धरली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. रांगेतली माणसं गप्प झाली. वाचून झाल्यावर आजींनी चष्मा काढून नर्सच्या हातात ठेवला. तो त्यांनाच द्यायचा आहे, हे नर्सला दोनदा सांगावं लागलं.

फोर्ट जीझस सगळे पाहतात, मीही पाहिला. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला, गोव्याच्या हुकमतीखालचा हा किल्ला. १६९६ ते १६९८ असा लांबलेला ओमानी वेढा त्यानं सोसला. भिंती भव्य आहेत, वाटाड्या पाठ केलेलं भराभर म्हणून दाखवतो. माझं लक्ष खाडीपलीकडे होतं.

मोंबासा बेटावरून न्याली पूल ओलांडला की मुख्य भूमीवर किसाउनीचा भाग लागतो. तिथे फ्रेरटाऊन आहे. फ्रेर म्हणजे सर बार्टल फ्रेर. आपल्या इतिहासात हा माणूस साताऱ्याला भेटतो. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट हाच. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी झांजिबारच्या सुलतानाकडे वकील म्हणून गेला. त्या वर्षीच्या जूनमध्ये सुलतान बर्घशनं करारावर सही केली आणि झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्या माणसांना वसवायला जागा हवी होती. ते काम मिशननं शरणपूरच्याच प्राइससाहेबांकडे दिलं. १८७५ मध्ये फ्रेरटाऊन उभं राहिलं. त्याच्या कामात नाशिकमध्ये वाढलेले, 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखले जाणारे स्त्री-पुरुष पुढे होते. थोडक्यात, शरणपूरचीच वसाहत समुद्र ओलांडून पुन्हा वसली.

आता तिथे चौकात मटाटूंची, म्हणजे मिनीबसची, कोंडी असते. टुकटुकवाले ओरडत असतात, तव्यावर चपात्या भाजत असतात. त्या गर्दीत एका छोट्या मनोऱ्यात फ्रेरटाऊनची घंटा आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवून वस्तीला सावध करायचे. आमच्या कार्यक्रमात तिच्यासाठी दहा मिनिटं होती. बाकीचे समुद्रकिनाऱ्याकडे गेले आणि मी दुपार उतरेपर्यंत तिथे राहिले. पाटी वाचली, जुन्या चर्चपर्यंत चालत गेले, परत आले. नाशिकच्या कार्यशाळेत रंधा मारायला शिकलेल्या माणसांनी इथे घरं उभारली, शाळा चालवल्या, रात्रीचे पहारे दिले. माझ्या गावाचा माझ्याच धर्मबांधवांशी असलेला हा संबंध मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नव्हता. त्या चौकात उभी असताना मला त्याचा अभिमान वाटला, आणि रागही आला.

राग कुणाचा, तेही सांगते. लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिश्या १८७४ मध्ये होरेस वॉलर यानं संपादित केल्या. शेवटच्या महिन्यांची हकिगत त्यानं चुमा आणि सुसी यांच्याकडून ऐकून लिहिली. त्यांचं मोठेपण मी नाकारत नाही. पण प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. शवविच्छेदनाची थोडी माहिती असलेल्या फर्जालानं केरस फरारच्या मदतीनं आतडी-काळीज काढून झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटनं. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. मग प्रेत मीठ लावून सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं, वरून शिडाचं कापड शिवलं. वाटेत इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला. त्यानं इथेच पुरा असं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. एका ठिकाणी लोक प्रेत पुढे जाऊ देईनात, तेव्हा ते परत पाठवल्याचं सोंग केलं आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे नेलं. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. तिथे बहुतेकांना मजुरी चुकती करून वाटेला लावण्यात आलं. प्रेताबरोबर इंग्लंडला गेला तो जेकब. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

आणि तरी गोष्टीत नावं उरली दोनच. जेकब स्वतः रोजनिशी लिहीत होता. लिहिता-वाचता साक्षीदार समोर असताना वॉलरनं त्याला बाजूला ठेवलं, हे मला पटत नाही. मला वाटतं, शिकलेल्या, स्वतःचं मत असलेल्या आफ्रिकन ख्रिस्ती माणसापेक्षा 'इमानी सेवक' इंग्रज वाचकाला जास्त रुचणार होता. लिव्हिंगस्टननंही नाशिकच्या मुलांबद्दल रोजनिशीत कडवट लिहिलं आहे. पण पहिल्या नऊ जणांतला एडवर्ड गार्डनर त्याच्या मरणापर्यंत बरोबर होता, हेही त्याच कागदांतून दिसतं.

हे सारं मी राबाईच्या एका निवृत्त शिक्षकांना तावातावानं सांगितलं. राबाई मोंबासाच्या आत, नारळीच्या बागांमधल्या टेकडीवर आहे. माझेरासपर्यंत मटाटू आणि तिथून पुढे मोटारसायकल. मिशनरी लुडविग क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला आला. काही महिन्यांतच त्याला बायको आणि तान्ही मुलगी तिथे पुरावी लागली. पुढे त्यानं राबाईला ठाणं केलं. त्याचं आणि त्याचा सहकारी मिशनरी रेबमन याचं, अशी दोन्ही घरं अजून उभी आहेत. जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय आहे. या गुरुजींना सगळे म्वालिमु म्हणतात. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "तुमची नाशिकची पोरं आमच्याकडे साहेब होऊन आली, बाई. इंग्रजी कपडे, इंग्रजी बोलणं. आमच्या आज्यांना ती रानटी समजायची."

मी वाद घातला. म्हटलं, त्यांना कुणी विचारलं होतं का काय व्हायचं ते? म्वालिमु म्हणाले, "नव्हतं विचारलं. पण आम्हालाही कुणी विचारलं नाही." यात तथ्य आहे. बॉम्बे आफ्रिकन मंडळी स्वतःला इतर सुटलेल्या गुलामांपेक्षा वरची समजत, याचे दाखले आहेत. पगार आणि मानाच्या बाबतीत गोरे मिशनरी आपल्याला खाली बसवतात म्हणून तीच मंडळी चिडत, याचेही आहेत. फ्रेरटाऊनमध्ये मिशनच्याच गोऱ्या अधीक्षकानं माणसांना फटके मारल्याचं प्रकरण १८८० च्या सुमारास इतकं चिघळलं, की प्राइस यांना परत यावं लागलं.

पण मग म्वालिमुंनीच मला विल्यम जोन्सबद्दल सांगायला सुरुवात केली. जोन्स नाशिकमध्ये वाढलेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि इश्माएल सेमलरला डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले आणि उरलेल्या तांड्याला जोन्सनं राबाईला परत आणलं. पुढे निळं निशाण होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ईखाबोद' हा वैभव गेल्याचा बायबलमधला शब्द होता. पण म्वालिमुंना महत्त्वाचं वाटत होतं ते वेगळंच. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम राबाईला आसरा मागत. मालकांशी वैर नको म्हणून मिशनचे वरिष्ठ कचरत होते. जोन्सच्या राबाईनं त्यांना ठेवून घेतलं. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझीनं मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत सुमारे १४०० जणांना मुक्ततेचे कागद मिळाले. "तुमच्या त्या पोरानं," म्वालिमु म्हणाले, "हे केलं. म्हणून त्याला आम्ही आमचा म्हणतो."

संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात चहा आणि महाम्री घेतली. निघताना त्यांनी हात हातात घेऊन "ब्वाना असिफिवे", प्रभूची स्तुती असो, असं म्हटलं. मी "आमेन" म्हटलं. त्या दिवशी परतीची सोय चुकली, दुसऱ्या दिवशीची सफारीही चुकली. त्याचं मला काही वाटलं नाही.

अशा सेवाकार्याच्या सफरींवर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. पण प्रश्न केवळ किती दिवस जायचं हा नाही. विल्यम जोन्सनं आयुष्य दिलं. मॅथ्यू वेलिंग्टन म्हातारा होऊन १९३५ मध्ये मोंबासातच वारला. तेवढं देणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यानं मात्र एवढं पाळावं: तिथल्या माणसाच्या हाताखाली काम करावं, तिथे ज्याची उणीव आहे तेच कौशल्य घेऊन जावं आणि आपल्या आधी तिथे कोण गेलं, कुणी काय सोसलं, हे वाचून मग विमानात बसावं.

आणि नाशिककरांना एक विनंती. शरणपूरच्या जुन्या कुटुंबांत, चर्चच्या कपाटांत, कुणाच्या पेटीत त्या काळचे बाप्तिस्म्याचे दाखले, पत्रं, फोटो अजून असतील. ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे निदान त्यांच्या प्रती तरी द्या. जेकब, मॅथ्यू, केरस, विल्यम, इश्माएल यांच्याबरोबर शरणपुरात आणखी कितीतरी मुलं वाढली. त्यांची नावं त्याच कागदांत मिळतील.