पन्नासावी जागा

शिस्तीची मला लहानपणापासून आवड आहे. कपाटातील पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली नसली, तर मला झोप येत नाही. या आवडीने एकदा माझी मान खाली घालायला लावली. तीच हकिकत सांगतो.

महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने मला 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या खेळाची गोडी लावली. फिनलंडमधील एका कंपनीने २०१२ साली आणलेला हा खेळ मोबाइलवर खेळतात. त्यात प्रत्येकाचे एक लहानसे गाव असते आणि अनेक खेळाडू मिळून एक क्लॅन, म्हणजे कुळ, उभे करतात. कुळात जास्तीत जास्त ५० जण मावतात. ते एकमेकांना सैनिक दान करतात आणि दुसऱ्या कुळाशी युद्ध खेळतात. आमच्या कुळाचा नायक पुतण्या; सहनायकपद त्याने माझ्याकडे सोपवले होते. बाकीची मंडळी गावोगावची. बहुतेकांचे तोंडही मी पाहिले नव्हते.

युद्धात दोन्ही बाजूंची संख्या सारखी असते आणि प्रत्येकाला दोन हल्ले करता येतात. १५ जणांचे युद्ध असेल, तर ३० हल्ले. एकदा युद्ध ठरले की यादीतले नाव बदलता येत नाही. जो आला नाही, त्याचे दोन्ही हल्ले वाया! अशा गैरहजर मंडळींमुळे आम्ही लागोपाठ तीन युद्धे हरलो. तेव्हा मी नियम केला : १४ दिवस जो फिरकणार नाही, त्याला कुळाबाहेर काढायचे.

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्यातला एक शाळकरी मुलगा दिसेनासा झाला. पंधराव्या दिवशी मी यादी उघडली. त्याच्या नावापुढे दानाच्या रकान्यात शून्य होते.

पुतण्या म्हणाला, "काका, थोडे थांबू या."

"अरे, नियम म्हणजे नियम!" मी म्हणालो.

कुणाला काढताना चार शब्द लिहिण्याची सोय या खेळात आहे. मी लिहिले, 'आळशांना येथे जागा नाही.' त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढच्या चैत्रात त्या मुलाचा प्रवेशासाठी अर्ज आला. सोबत एवढेच लिहिले होते : 'दादा, मी आळशी नाही. घरात एकच फोन आहे. तो आईबाबांनी ऊसतोडीला नेला होता.'

तो बीड जिल्ह्यातला. तिकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात आणि हंगाम संपला की परततात. हा शाळेसाठी आजीजवळ मागे राहिला होता.

मग मला आठवले, पावसाळ्यात माझ्या हाकेला सर्वांत आधी सैनिक पाठवणारा हाच मुलगा होता. पण दानाचे आकडे दर महिन्याला पुसले जातात आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतात. यादीला मागचे आठवत नाही. मला आठवायला हवे होते.

त्या वेळी आमच्यात ४९ जण होते. पन्नासावी जागा त्याला दिली आणि सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली.

आता मी आधी विचारपूस करतो. ज्याला युद्ध जमणार नसेल, त्याने आपल्या नावापुढे लाल खूण करावी, अशीही सोय खेळात आहे. तिचा उपयोग करायला सर्वांना सांगतो. विचारूनही महिनोन्महिने ज्याचे उत्तर येत नाही, त्याची जागा मोकळी करावी लागते. कारण दाराशी दुसरा कुणी उभा असतो. पण निरोपात लिहितो, 'परत आलात की दार वाजवा.'

पुढच्या दिवाळीत त्या मुलाचा संदेश आला : 'दादा, लाल खूण केली आहे. फोन उद्या जाईल. चैत्रात येतो.'

पंधराव्या दिवशी मी यादी उघडली. त्याच्या नावापुढे शून्य होते. क्षणभर तेथे थांबलो आणि पुढच्या नावाकडे वळलो.